याकूबची अमानत

जैनुद्दीन चाचांच्या बागेतल्या त्या एका झाडाचं फळ मला पाच वर्षं मिळालं नाही. कारण काय, तर माझं गाव पंधरा मैलांनी कमी पडत होतं. माणसाला ‘नाही’ म्हणायची कारणं मी सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत: सही चुकली, सातबारा जुना झाला, साहेब दौऱ्यावर गेले. पण गाव जवळ आहे म्हणून फळ नाही, हे मी अचलपुरातच ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागच आला होता.

मी अनुप तायडे, कृषी सहायक, राहणार भातकुली. २००२ साली माझी अचलपूरला बदली झाली तेव्हा विहिरी तळाला गेल्या होत्या आणि संत्र्याच्या बागा सरपणासाठी तुटत होत्या. सकाळी पेपरात वऱ्हाडात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांचा आकडा यायचा आणि दुपारी आम्ही गावात जाऊन माहितीपत्रकं वाटायचो. आम्हाला बघून लोक पाठ फिरवायचे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

जैनुद्दीन चाचांनी पाठ फिरवली नाही. त्यांची दोन एकरांची बाग होती, पण नाव होतं ते कलमांसाठी. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा एक डोळा त्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, हे काम त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून केलेलं. शंभर डोळे बांधले तर पंच्याण्णव लागायचे. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, यांच्या खिशाला कलमाचा चाकू असायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, खाट दिली आणि मग विचारलं, “कुठचे तुमी?”

“भातकुलीचा.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “तेहतीस मैल. नाई जमत, बाप्पा.”

“काय नाही जमत?”

“थे झाड दिसून राह्यलं का, विहिरीमागचं? त्याचं फळ फकस्त मुसाफिराले भेटते. मुसाफिर म्हंजे अठ्ठेचाळीस मैल. त्याच्या आत मानूस घरीच असते.”

प्रवासात असलेल्या माणसाला नमाज थोडी कमी पढायची मुभा असते, आणि प्रवासी कुणाला म्हणायचं याचा त्यांच्यात अठ्ठेचाळीस मैलांचा हिशेब आहे, हे मला नंतर कळलं. चाचांनी तोच हिशेब झाडाला लावला होता. ते स्वतः तर फळ खातच नव्हते. बायको सईदाचाची खात नव्हत्या. मुलगी शाइस्ता अकोल्याला उर्दू शाळेत भूगोल शिकवायची. ती लग्न होऊन तिकडे गेली आणि त्याच दिवशी हक्कदार झाली. माहेरी आली की बापासमोर बसून मुद्दाम चवीनं खायची. समोरचा खाऊ लागला की चाचा त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि दरवेळी एकच प्रश्न विचारायचे, “कसं लागते?”

झाडाची गोष्ट अशी. चाचांचे वडील बदरुद्दीन दुसऱ्या महायुद्धात फौजेत खच्चरं हाकायला होते. त्यांची तुकडी पॅलेस्टाइनमध्ये होती तेव्हा तो सगळा मुलूख इंग्रजांच्या हाती होता. याफा, ज्याला इंग्रज जाफा म्हणत, त्या शहराबाहेर बदरुद्दीन तापानं फणफणून एका संत्र्याच्या बागेच्या बांधावर पडले. बागेचा मालक याकूब. त्यानं त्यांना फळं ठेवायच्या छपरीत निजवलं आणि नऊ दिवस रस पाजला. याला अरबी येत नव्हती, त्याला उर्दू येत नव्हती. निघताना याकूबनं टोपलीभर फळं हातात दिली आणि पुन्हापुन्हा एक शब्द म्हणाला. दोघांच्या भाषेत सारखा असलेला तेवढाच शब्द होता: अमानत.

बदरुद्दीननी फळं वाटेत साथीदारांना वाटली. त्या जातीत बिया जवळजवळ नसतातच, टोपलीभर फळांतून चार निघाल्या. त्या ओल्या फडक्यात बांधून त्यांनी बोटीनं आणल्या. १९४६ साली विहिरीमागे लावल्या, एक उगवली. दोन वर्षांनी रेडिओवर आलं की इंग्रज निघून गेले, इस्रायल नावाचा देश झाला, लढाई पेटली आणि याफ्याचे लोक घरंदारं टाकून पळाले. त्या दिवशी बदरुद्दीननी दहा-बारा वर्षांच्या जैनुद्दीनला गुडघाभर रोपापाशी उभं केलं आणि सांगितलं, हे आपलं नाही. याकूबची अमानत आहे. अमानत वापरायची नाही, वाढवून विकायची नाही, मालक आला की जशीच्या तशी द्यायची. त्यानं मुसाफिराला दिलं होतं, म्हणून मुसाफिराला देत जा.

तेव्हापासून चाचांचा त्या दूरच्या भांडणाशी घरोबा झाला. बीबीसीची उर्दू सर्व्हिस लावून ते झाडाचा आणि त्या मुलखाचा जमाखर्च बरोबरच सांगायचे. पहिली फुलं आली ५६ साली, तेव्हा सुएझ कालव्यावरून लढाई चालू होती. ६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांत इस्रायलनं जेरुसलेमपासून सिनाईपर्यंत सगळं घेतलं, त्याच आठवड्यात इथे विहिरीत सुरुंग लावत होते. ८७ साली तिकडे पोरं रणगाड्यांवर दगड फेकायला लागली, तेव्हा झाडावर पहिल्यांदा रोगाचा डिंक दिसला. आणि ९३ साली अमेरिकेत दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले, तेव्हा हा माणूस परतवाड्याला जाऊन फोटो काढून आला आणि अर्ज करून पासपोर्ट घेतला! “म्या म्हन्लं, आता द्याचा वखत आला. जाईन, याकूबचं घर पुसत जाईन.” दहा वर्षांनी तो पासपोर्ट एकही शिक्का न लागता संपला. त्याच्या आतच तिकडे बसगाड्यांत स्फोट आणि वस्त्यांवर बॉम्ब सुरू झाले होते. चाचांनी तो पासपोर्ट कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवला होता, मला दाखवताना ते थोडे लाजले.

मला आधी ही सगळी खुळचट भानगड वाटली. आपल्या गावात प्यायला पाणी नाही आणि हा माणूस कुठल्या याकूबचं झाड राखत बसलाय! पण माझे आजोबा बुधाजी भातकुलीच्या विहिरीवर वरच्या लोकांनी ओंजळीत ओतलं तरच पाणी प्यायचे. ५६ साली नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा कुठे ओंजळ सुटली. ही जागा कुणाची, हे पाणी कुणाचं, हा प्रश्न आमच्या घरातली लेकरं चालायच्या आधी शिकतात. म्हणून असेल, पण मी चाचांना हसलो नाही. फळ मात्र मागत राहिलो.

२००७ साली माझी बदली चांदूर रेल्वेला झाली. पहिल्याच सुट्टीत एसटीनं अचलपूरला आलो आणि चाचांसमोर दोन्ही तिकिटं टाकली. त्यांनी चष्मा लावून किलोमीटर वाचले, मैल केले, पुन्हा केले. “काठावर पास,” म्हणाले आणि स्वतः शिडी लावून फळ काढून आणलं. लांबट, जाड सालीचं फळ. मी खाल्लं. “कसं लागते?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “चाचा, पाच वर्षं वाट पाहून काहीही गोडच लागते.” ते खूश झाले नाहीत. त्यांना खरं उत्तर हवं होतं, आणि मी थट्टा केली.

त्या दिवशी मी झाडाचं खोड पाहिलं. डिंक फांद्यांपर्यंत चढला होता, साल सुटत होती. त्या झाडाचा डोळा दुसऱ्या खुंटावर बांधा, म्हणजे वंश तरी राहील, असं मी सांगितलं. इतकी हजारो कलमं बांधणाऱ्या त्या माणसानं या झाडाला कधी चाकू लावला नव्हता. “बिनइजाजतीनं अमानत वाढवता नाई येत,” ते म्हणाले. “इजाजत द्याले याकूब पायजे.” झाड वाळत होतं, मालक साठ वर्षांपूर्वी परागंदा झालेला, आणि चाचा सत्तरी पार केलेले. मेल्यावर बापाला काय तोंड दाखवू, एवढीच त्यांना चिंता होती.

२००९ च्या जानेवारीत आमच्या खात्यानं मरणाऱ्या बागा दाखवायला इस्रायलहून एक तज्ज्ञ बोलावला. ठिबकवर दाट लागवड करायच्या रीतीला आमच्याकडे ‘इजराईल पद्धत’च म्हणतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही, ऑफिसात त्या तज्ज्ञालाही सगळे ‘इजराईल’च म्हणू लागले. मला अचलपूरच्या बागा माहीत म्हणून त्यांच्यासोबत पाठवलं. आदल्या दिवशी मी चाचांच्या घरी निरोप द्यायला गेलो. ते मशिदीत होते. मी दारातूनच सईदाचाचींना म्हणालो, “चाचांना सांगा, उद्या सकाळी इजराईल येणार आहेत. थेट बागेतच येतील.”

चाचींच्या हातातली परात खाली पडली. त्या जमिनीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मला काही उमजेना. मग शाइस्ता आतून धावत आली, सुट्टीला आलेली. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. त्यांच्यात जीव न्यायला येणाऱ्या फरिश्त्याचं नाव इज्राईल. उद्या सकाळी तो चाचांना न्यायला येतोय, असा निरोप सरकारी माणसानं दारात उभं राहून दिला होता! शाइस्तानं आईला देश आणि फरिश्ता वेगळे आहेत हे समजावलं. पण स्वतः हसली नाही. त्या दिवसांत गाझावर रोज बॉम्ब पडत होते आणि टीव्हीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लहान मुलं दिसत होती. “अम्मी काही फार चुकली नाही, अनुपभाऊ,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जीपमधून उतरला तो माणूस साठीच्या आतला, सावळा, डोक्यावर उन्हाची टोपी. सोबत एक पोलीस, कारण मुंबईवरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. मी इंग्रजीची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, “मराठीतच बोला हो. मी रेऊबेन झिराडकर. आमचं मूळ गाव अलिबागजवळचं झिराड.” त्यांचे वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. १९६३ साली, अकरा वर्षांचे असताना, ते आईवडिलांबरोबर बोटीनं इस्रायलला गेले. मराठी मात्र त्याच सालात थांबलेली, धड्यातल्यासारखी.

चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “किती मैल?”

“अडीच-तीन हजार तरी असतील.”

“पास,” चाचा म्हणाले आणि फळ काढून आणलं.

झिराडकरांनी फळ हातात घेतलं आणि सोलायचं थांबले. उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला. “ही शमूती जात आहे. आमची जाफा! ही इथे कशी?”

चाचांनी सगळं सांगितलं: वडील, ताप, टोपली, चार बिया. साठ वर्षं साठवलेलं बोलणं होतं, मध्ये कुठे थांबलेच नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले. “साहेब, तुमी त्या मुलखाचे. हे झाड आता मरून राह्यलं. याची एक काडी नेऊन याकूबच्या घरी देसान का? त्याचे लेकरं असतीन, नातू असतीन. माह्या डोक्यावरचं ओझं उतरन.”

झिराडकर हसून म्हणाले, “आमच्या धर्मग्रंथात याकोबचंच दुसरं नाव इस्रायल. म्हणजे हक्कानं माझंच झालं की!”

कुणी हसलं नाही. शाइस्ता विहिरीच्या काठाशी उभी होती, तिथून म्हणाली, “तसंच केलं ना तुम्ही लोकांनी. नाव सारखं दिसलं की घर आपलं.”

पोलीस खाटेवर सावरून बसला. मला वाटलं, आता माझी नोकरी जाते. झिराडकरांचा चेहरा उतरला, पण ते रागावले नाहीत. शाइस्ताकडे वळून बोलायला लागले. लोद नावाच्या गावात त्यांना सरकारनं जुनं घर दिलं होतं. दाराच्या वरच्या दगडावर अरबी अक्षरं कोरलेली. आई दर वर्षी भिंतींना चुना लावायची, तेवढी अक्षरं सोडायची. म्हणायची, कुणाचं तरी नाव असेल. “मोठा झाल्यावर मी ते वाचून घेतलं. खलील इब्न दाऊद. घर बांधणाऱ्याचं नाव. मला पाठ आहे, बाई.”

“मग शोधलं त्याला?”

“नाही,” झिराडकर म्हणाले. “भीती वाटली. सापडला असता तर काय केलं असतं? आम्हीही कोकणातलं घर सोडून आलेलो. आणि आमच्या आजूबाजूला जे राहत होते ते जर्मनीतून, पोलंडातून सगळं कुटुंब राखेत घालून आलेले. त्यांना कुठे पाठवायचं?” मग हळूच म्हणाले, “२००२ साली माझ्या बहिणीची मुलगी बसमध्ये बसून कॉलेजला निघाली होती. एकवीस वर्षांची. बसमधल्या एका माणसाने कमरेला बॉम्ब बांधला होता.”

मला वाटलं, आता वजाबाकी सुरू होणार, तुमचे किती, आमचे किती. टीव्हीवर रोज तेच चाललं होतं. पण शाइस्तानं जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. “तिचं वाईट झालं,” ती म्हणाली. “त्यानं गाझातल्या लेकरांचं बरं होत नाही.” झिराडकरांनी मान हलवली आणि पाणी प्यायले.

मग ते उठून झाडापाशी गेले. खोडावर नख मारून पाहिलं. “एक उन्हाळा. त्यापुढे नाही,” म्हणाले. “जैनुद्दीनभाई, मी तुम्हाला काडी नेतो म्हणून सांगू शकतो. विमानतळावर सापडली तर फेकतील, नाही सापडली तर मी ती माझ्या अंगणात लावीन. तुम्हाला कधी कळणारही नाही. पण जाफाचे लोक ४८ साली मिळेल त्या बोटीनं गेले, कुणी गाझाला, कुणी बेरूतला. गाझात मला जाता येत नाही. याकूबला दिलं असं खोटं मी बोलणार नाही.”

चाचा खाली बसले. साठ वर्षांत पहिल्यांदा तिकडचा माणूस दारी आला होता आणि त्यानंही हात वर केले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

झिराडकरांनी फळाची फोड तोंडात टाकली. चावता चावता थबकले. “तो याकूब नक्की कोणता शब्द म्हणाला म्हणालात?”

“अमानत.”

“अमानत की अमाने? माझ्या हाताखाली अरब मजूर आहेत. डब्यातलं काही पुढे करताना ते म्हणतात, अमाने, घे. म्हणजे तुला माझी शपथ आहे, खा. आपण नाही का म्हणत, माझी शपथ आहे, एक तरी पोळी घे? तसं.” ते चाचांकडे बघत राहिले. “तापातून उठलेल्या माणसाला फळं देताना तो हेच म्हणाला असेल. शपथ आहे, खा.”

दोन पिढ्यांनी ज्या फळाला जीभ लावली नाही, ते ‘खा, खा’ म्हणूनच दिलेलं होतं की काय? सईदाचाची तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “या अल्ला.”

शाइस्ता मात्र उसळली. “तुमच्यासाठी बरंच झालं की! अमानतच नव्हती म्हणजे परत द्यायचा प्रश्नच मिटला.”

“शाइस्ता, चूप बस,” चाचा म्हणाले. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. मग सावकाश बोलले, आणि त्यांचं ते बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं. “साहेब, तुमी म्हनता तसंच असन. माह्या बापाले अरबी कुठं येत होती. खा म्हनला असन बिचारा. पन तवा त्याची बाग होती ना. देनारा होता तो. दोन सालानं त्याचं सारंच गेलं. ज्याचं सारं गेलं, त्याचं एक झाड माह्यापाशी उरलं. मंग ते बक्षीस कसं राह्यते? थे अमानतच होते.”

झिराडकर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

शाइस्ताचा आवाज उतरला. “अब्बा, पण झाडच मेलं तर परत काय देसान? हात न लावता तुमी त्याले एकटं ठेवलं. शंभरात पंच्याण्णव लावणारा हात तुमचा. चाळीस वर्षांआधी डोळे बांधले असते त आज बाग राह्यली असती याकूबची.”

तिच्या जागी दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याचं तोंड धरलं असतं. खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. चाचा उठून झाडापाशी गेले. मग खिशातला चाकू काढला, बिस्मिल्ला म्हणाले आणि पहिली काडी कापली. काड्या अर्ध्या सुकलेल्या, त्यांतून तीस डोळे निघाले. जंबेरीची रोपं शाइस्तानं धरली आणि पट्ट्या कापून दिल्या झिराडकरांनी. ती त्यांच्याकडे न बघता पट्टी घेत होती, पण घेत होती.

तिसातले तीन लागले. थोरलं झाड मे महिन्यात वाळलं. चाचांनी ते तोडू दिलं नाही, आपोआप पडलं तेव्हा पडलं.

दीड वर्षानं झिराडकरांचं पत्र आलं, धड्यातल्या मराठीत. जाफातून गेलेल्या बागवाल्यांच्या याद्या त्यांनी कुठून कुठून मिळवल्या होत्या. त्यांत चौदा याकूब होते. ‘पैकी कोणता आपला, ते सांगता येत नाही. मी सर्वांचा शोध करीत आहे. खलील इब्न दाऊद यांचाही करीत आहे.’ मी पत्र वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, “चौदा? अन् आपल्यापाशी तीनच!” उठले, चाकू दगडावर घासला आणि त्या तीन झाडांवरून बारा डोळे बांधले. अकरा लागले. पुढच्या पत्रात आलं की एका याकूबची नात अम्मानला सापडली, पण तिच्या आजोबांकडे लिंबाची बाग होती. चाचांनी तरी त्या नातीचं एक झाड तसंच ठेवलं. लिंबूवालीलाही खायला आवडेल म्हणाले. नंतर पत्रं आली नाहीत.

२०१३ च्या डिसेंबरात चाचांचं पोटाचं ऑपरेशन अकोल्याला झालं. मी भेटायला गेलो तेव्हा ते बसते झाले होते, सईदाचाची उशाशी होत्या. त्या वर्षी पहिल्या तीन झाडांना फळ धरलं होतं. शाइस्तानं पिशवीतून एक काढलं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय?”

“अचलपूर ते अकोला बावन्न मैल. डॉक्टर म्हणते दहा दिवसांत सुट्टी. पंधरा दिवसांच्या आत वापस जाणारा मानूस मुसाफिर. तुमीच शिकवलं.”

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “रस्ता कोन्ता धरला? दर्यापुरावरून का अकोटावरून?” शाइस्तानं एसटीचं तिकीट पुढे केलं, म्हणजे तयारीनंच आली होती. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांची हुज्जत संपली. तिनं फळ सोललं, एक फोड त्यांच्या हातात दिली. पंच्याहत्तरी उलटलेला तो माणूस ती फोड तोंडाशी नेऊन क्षणभर थांबला आणि मग खाल्ली. एक, दुसरी, तिसरी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

मी विचारलं, “चाचा, कसं लागते?”

ते म्हणाले, “लय गोड हाये, अनुपभाऊ.” हातातल्या फोडीकडे बघत राहिले. “बाप खाऊ काहून नव्हता देत, ते आता समजलं. आता वापस देनं जिवावर येईन.”

आणि उरलेलं अर्धं फळ त्यांनी शाइस्ताच्या हातात परत ठेवलं.